जुनी जिनिंग यंत्रे आणि टर्नरचे कौशल्य

परभणी जिल्ह्यातील मानवत ही मराठवाड्यातील कापसाची एक जुनी बाजारपेठ होय. निजामी राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, गोदावरी खोऱ्यातून मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग गेला, ‘मानवत रोड’ हे स्थानक झाले आणि या भागातील काळ्या जमिनीच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. परंतु शेतातून आलेला कापूस जसाच्या तसा दूर पाठविणे परवडत नाही, कारण त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सरकीचा असतो. म्हणून सरकी वेगळी करणारी जिनिंगची आणि रुईच्या गाठी बांधणारी प्रेसिंगची यंत्रे बाजारपेठेच्या गावीच बसविण्याची पद्धत पडली. या व्यवसायाची चर्चा होते ती भाव, आवक आणि गाठींची संख्या यांच्या संदर्भात. ही अवजड यंत्रे हंगामभर चालती ठेवणारा टर्नर मात्र त्या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

भारतात प्रचलित असलेल्या जिनिंग यंत्राचे मूळ तत्त्व फोन्स मॅकार्थी या अमेरिकी संशोधकाने १८४० मध्ये पेटंट केलेल्या यंत्रात आहे. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखानदारांनी या जातीची यंत्रे घडवून हिंदुस्थानात पाठविली. पुढे ती येथेही तयार होऊ लागली. दुहेरी रोलरच्या यंत्रात चामड्याच्या चकत्या दाबून बसविलेले दोन रोलर परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. कापसाचे तंतू चामड्याच्या खरखरीत पृष्ठभागाला धरून रोलर व स्थिर सुरी यांच्यामधून ओढले जातात. सरकीला त्या फटीतून जाता येत नाही. हालती सुरी मिनिटाला शेकडो वेळा खालीवर होऊन ती झटकून टाकते. करवतीच्या दात्यांच्या यंत्रापेक्षा ही रीत संथ खरी, पण तंतूला ती कमी इजा करते.

रोलरचा व्यास

या यंत्राचा जीव रोलरमध्ये आहे. जुन्या प्रचलित यंत्रांत त्याची लांबी ४० इंच असते. चामडे झिजते, त्यावरील सर्पिल खाचा बुजतात, आणि मग रोलर काढून कातावा व पुन्हा खाचावा लागतो. कातलेला रोलर एका टोकाला किंचित जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक राहिला, तर सुरी सर्व लांबीवर सारखी टेकत नाही. एका बाजूला चामडे तापते, तर दुसऱ्या बाजूला सरकीवर रुई शिल्लक राहते. ही शिल्लक रुई म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा उतारा कमी होणे होय.

आता ज्या लेथवर हा रोलर कातावयाचा तो लेथही बहुधा जुनाच असतो. ओतीव लोखंडाचा त्याचा जड बेड ही मोठी जमेची बाजू आहे, कारण असे लोखंड कंपने शोषून घेते. परंतु लहानसहान कामे सारी चकच्या जवळ होत असल्याने बेड त्या भागात अधिक झिजतो. लांब काम लावले की ही झीज उघडी पडते. अनुभवी टर्नर तीन-चार ठिकाणी माप घेऊन आपल्या लेथचा हा स्वभाव ओळखतो आणि शेवटचा कात देताना त्याची भरपाई करतो. ही भरपाई किती करावी हे कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते. प्रत्येक लेथचे उत्तर निराळे.

इंच आणि मिलिमीटर

दुसरी अडचण मापांची आहे. ओल्डहॅमची यंत्रे इंचांत घडलेली. त्यांच्या बोल्टांचे आटे जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये सुचविलेल्या पद्धतीचे, म्हणजे ५५ अंशांच्या कोनाचे. भारतात वजने व मापे यांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने अंमलात आली. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. वर्कशॉपच्या बोलीत ‘सूत’ आजही टिकून आहे: ८ सूत म्हणजे १ इंच. परंतु ४ सुती बोल्टच्या जागी बाजारातून १२ मिलिमीटरचा बोल्ट आणून चालत नाही. पहिल्याचा व्यास १२.७ मिलिमीटर व आट्यांतील अंतर सुमारे २.१२ मिलिमीटर, दुसऱ्याच्या आट्यांतील अंतर १.७५. तो एकदोन आटे धरतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. हालत्या सुरीच्या धक्क्यांखाली तो किती वेळ टिकणार, हे सांगावयास नको.

म्हणून जुना बोल्ट लेथवर नव्याने पाडावा लागतो. लेथचा लीड स्क्रू ६ मिलिमीटरचा असेल, तर इंचाला १२ आट्यांचा बोल्ट पाडण्यासाठी चालक चाके १२७ व ३० दात्यांची आणि चालित चाके १२० व ९० दात्यांची लावतात. १२७ हा आकडा कोठून आला? १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. १२७ ही मूळ संख्या असल्याने तिचे अवयव पडत नाहीत. दोन लहान चाके एकत्र करून ती साधता येत नाही. ते एक चाक असावेच लागते.

ते नसेल तर जाणता टर्नर ६३ दात्यांच्या चाकावर काम भागवितो. चालक ४० व ४०, चालित ६३ व ७२. यात ८,००० भागांत सुमारे एका भागाची चूक राहते, जी बोल्टच्या लांबीत जाणवत नाही. अंकगणिताच्या तासाला अवयव व गुणोत्तर शिकविणाऱ्या शिक्षकास याहून जिवंत उदाहरण शोधावे लागू नये. हाताने काम करणाऱ्याला गणित लागत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. तो टाकून देण्याजोगा आहे.

सुरक्षिततेचा भागही विसरता येत नाही. जुन्या जिनांत एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी अनेक यंत्रे फिरत. चालत्या यंत्राजवळ तपासणी करणारा कामगार प्रशिक्षित असावा व त्याचे कपडे तंग असावेत, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात घातली गेली, ती अकारण नव्हे. क्रोम चामड्याच्या रोलरची धूळही आरोग्यास अपायकारक ठरते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या माटुंगा येथील कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याऐवजी रबरी रोलरवर काम केले आहे. रोलर कातणाऱ्याच्या नाकातोंडावर फडके असणे हा चैनीचा भाग नाही.

कापूस तंत्रज्ञान अभियान २००० मध्ये सुरू झाल्यानंतर अनेक जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. ते इष्टच होते. मात्र जुना लेथ भंगारात जाताना त्याची सुटी चाकेही वजनावर विकली जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकविले जातात. तेथील निदेशकांनी परिसरातील अशा यंत्रांची, त्यांच्या मापांची व उपलब्ध चाकांची यादी जुन्या टर्नरांकडून करवून घेतल्यास, आणि विद्यार्थ्यांना ऐन हंगामाऐवजी हंगामापूर्वीच्या दुरुस्तीच्या दिवसांत जिनात नेल्यास, फारसा खर्च येणार नाही. यादीत पहिली नोंद १२७ दात्यांच्या चाकाची असावी.