तानपुऱ्याला कीड लागली, तर बोलवायचं कुणाला?

जुन्या तानपुऱ्याच्या तबलीवर दीड-दोन मिलिमीटरची चार भोकं दिसतात, खाली मैद्यासारखी भुकटी पडलेली असते आणि घरचे हबकतात. कुणी रॉकेल ओततं, कुणी एम-सील थापतं. दोन्हींनी वाद्याचं नुकसानच होतं. इथे हवा असतो वाद्यदुरुस्तीचा जाणकार कारागीर. लाकडात हात रमणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलामुलींनी हे काम करिअर म्हणून जरूर तपासून पाहावं.

आधी निदान.

भोक म्हणजे भुंगेऱ्याची बाहेर पडण्याची वाट. खरी नासधूस त्याआधीच अळीने आत केलेली असते. लाकडातल्या पिष्टावर ती पोसली जाते, म्हणून गाभ्यापेक्षा बाहेरचा पांढरट भाग आधी पोखरला जातो. कारागीर वाद्य हलकेच ठोकून जुनी भुकटी झटकतो आणि खाली काळा कागद अंथरतो. त्यावर ताजी भुकटी पडली, तर कीड जिवंत असण्याची शक्यता धरून आधी तिचा बंदोबस्त करायचा. नाही पडली, तरी पुढचे काही महिने नजर ठेवायची. अळी आत दीर्घकाळ दडून राहू शकते.

मग दुरुस्ती. तबलीवरच्या बारीक भोकांत त्याच जातीच्या लाकडाचा वस्त्रगाळ भुसा सरसात कालवून टोकदार काडीने भरता येतो. सरस जास्त झाला, तर त्या जागी पॉलिश नीट धरत नाही आणि डाग उठून दिसतो. म्हणून रंग आधी टाकाऊ तुकड्यावर जुळवून पाहायचा. दांडीचं गणित वेगळं. तिच्यावर तारांचा ताण असतो. ती आतून पोकळ झाली असेल, तर भोकं बुजवून भागत नाही. खराब भाग कोरून, रेषा जुळवून नवा तुकडा सांधावा लागतो.

हे शिकायचं कुठे? मिरजेत सतार-तानपुरे घडवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. २०२४ मध्ये तिथल्या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. विद्या मात्र कारखान्यातल्या उमेदवारीतूनच हाती लागते. प्रमाणपत्राची काळजी असलेल्या पालकांसाठी आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हा पाया ठरू शकतो. विज्ञान शाखेच्या पदवीधरांना देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत काष्ठविज्ञानात एम.एस्सी. करता येतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह आहे, तोही मुलांना दाखवावा.

पैशांचं काय? स्वतःचं दुकान थाटलं, तर पगाराची चिठ्ठी नाही, कमाई कामागणिक. सुरुवातीला जुन्या फर्निचरची दुरुस्ती जोडीला ठेवलेली बरी.

प्रवेश घेण्याआधी सुट्टीत महिनाभर एखाद्या कारखान्यात बसू द्यावं. पहिले दिवस पॉलिशपेपर घासण्यातच जातील. मूल तेवढ्यात कंटाळलं, तर ते फी भरण्याआधी कळेल.