पत्रावळीवरची शिते

सज्जनहो, अन्नाला ब्रह्म मानावे ही आपली जुनी शिकवण. ताटाला नमस्कार केल्यावाचून वारकरी घास उचलत नाही. पण लग्नाच्या मांडवात हात धुवायला उठलो, की मागे ताटात पाहावे. अर्धी पोळी, भाताचा ढीग, चावून ठेवलेली जिलबी! मग तो नमस्कार कोणाला होता? या पाठात एवढाच विचार करू.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हा धडा शिकायला लांब जावे लागत नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावी देवीदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ होती. उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या. श्रीगजानन महाराज त्यांवरची शिते वेचून खात बसले होते. बंकटलाल अगरवालांनी ते पाहिले. दासगणू महाराजांनी ही कथा लिहिली आणि ती घरोघर गेली.

शीत वाया जाऊ देऊ नये, हा अर्थ तर लहान पोरालाही कळतो. पण पुढचे बघा. बंकटलालांनी काय केले? आणखी दोन उष्ट्या पत्रावळी पुढे सरकवल्या नाहीत. आतून वाढलेले पान आणवले. टाकणाऱ्याने काय शिकायचे ते महाराजांनी दाखवले. देणाऱ्याने काय शिकायचे ते या भरल्या पानाने दाखवले. पहिला धडा आपण सांगतो, दुसरा विसरतो.

तो विसरू नये म्हणून याच जिल्ह्यातल्या मेहुणाराजाकडे वळू. देऊळगाव राजाजवळचे हे गाव चोखोबांचे जन्मस्थान मानतात. चोखोबा मोलमजुरी करणारे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना १३३८ साली भिंत कोसळली आणि त्यांचा देह तिच्याखाली गेला. गावाची कामे करायची आणि पोटाला गावाचे उष्टे घ्यायचे, अशी त्या काळी त्यांच्या समाजाची स्थिती होती. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. असले जिणे वाट्याला आल्याची तक्रार त्याने थेट पांडुरंगाकडे केली. ती अजून आपल्याही कानी पडली पाहिजे. उष्टे पोट भरते खरे, पण माणसाचे मन खाली पाडते.

आता म्हणाल, तो काळ गेला. जरा शहरात या. खामगावची कापसाची पेठ जुनी. १८७० साली जलंबहून आगगाडीचा फाटा तिथवर आला. अशा पेठेत पाठीवर पोती वाहणारा हमाल फडक्यात बांधलेली भाकर ठेच्याशी खातो आणि शेवटचा तुकडाही सोडत नाही. तोच संध्याकाळी एखाद्या मंगल कार्यालयात वाढपी म्हणून उभा राहतो. पाहुणे ताटे भरून घेतात, अर्धी टाकतात. भांडी घासणाऱ्या बाया रात्री उशिरा जेवायला बसतात, तेव्हा भाजी संपलेली असते आणि टाकलेल्या अन्नाचे पिंप भरलेले असते. सकाळी तेच आंबलेले अन्न काचा-कागदांत कालवलेले सफाई कामगाराच्या हाती येते. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, हा नियम २०१६ सालीच झाला. तो पाळला नाही की त्याचा हात कापतो. आपण टाकलेला घास असा कष्टकऱ्याच्याच अंगावर पडतो.

हिशेब करून पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले शंभरातले साठ भाग घरांतून गेले, असे त्यात आहे. आपल्या देशाचा अंदाज घरातून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. यात साली-देठेही आली, हे खरे. तरी ताळा करा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे वर्षाला ६० किलो. एकाच्या वर्षाच्या शिध्याच्या जवळपास वजन दुसऱ्याच्या घरून उकिरड्यावर जाते!

कोणी विचारेल, "महाराज, उरलेले गरिबाला दिले तर पुण्यच ना?" हो, पण उरलेले आणि उष्टे यांत फरक आहे. पातेल्यात शिल्लक राहिले ते उरलेले; ताटात हात लागला ते उष्टे. उरलेले ताजे असताना मानाने द्यावे. मुंबईचे डबेवाले पुष्कळसे माळकरीच. १८९० पासून त्यांची डबे पोचवण्याची परंपरा. त्यांनी २०१५ साली रोटी बँक सुरू केली. लग्नसमारंभातले हात न लागलेले जास्तीचे अन्न न्यायचे आणि भुकेल्यापर्यंत पोचवायचे, असा तो उपक्रम. मनात असले म्हणजे वाट सापडते.

तेव्हा दिंडीत, सप्त्यात, घरच्या कार्यात एवढे नेम धरावे :

१. ताटात थोडे घ्यावे, पुन्हा मागावे. "माउली, अर्धीच वाढा" म्हणायला लाज कसली?

२. आग्रह प्रेमाचा करावा, पोळीचा करू नये.

३. स्वयंपाक माणसे मोजून करावा. मोठेपणा दाखवायला चार भाज्या जास्त रांधू नयेत.

४. आचारी, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बाया यांची पाने आधी बाजूला काढावी, किंवा त्यांची पंगत वेळेवर बसवावी.

५. शिल्लक अन्न नासायच्या आत पोचवावे. साली-देठे गुरांना किंवा खताला द्यावी. कचऱ्यात काच मिसळू नये.

सप्त्याचा शेवट काल्याने होतो. काल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एक होतात. त्यात वरचा-खालचा नाही, आधीचा-मागचा नाही. ज्याने काला खाल्ला, त्याने दाराशी आलेल्या कष्टकऱ्यापुढे उष्टे सरकवू नये. त्याच्यासाठी पान मांडावे, आणि आपल्या पानात शीत ठेवू नये.

॥ रामकृष्णहरि ॥