शाळा आणि संसर्ग : व्हिक्टोरियन लंडनमधील बालरोगांचा बोध

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील कुष्ठनिदानात रोगसंक्रमणाची द्वारे सांगितली आहेत : निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर राहणे, दुसऱ्याची वस्त्रे वापरणे इत्यादी. यांतील बहुतेक द्वारे एकाच छताखाली दररोज उघडी असतात असे स्थान म्हणजे शाळा. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लंडनच्या उदाहरणावरून या विषयाचा विचार केला आहे.

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने स्कूल बोर्डे अस्तित्वात आली व १८८० मध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. गरीब वस्त्यांतील असंख्य मुले मोठ्या वर्गांत दाटीवाटीने बसू लागली. पाटी थुंकीने पुसणे, पाण्याचे एकच भांडे अनेकांनी तोंडाला लावणे हे नित्याचे होते. त्यातच १८६२ च्या नियमावलीने शाळेचे अनुदान हजेरी व परीक्षा यांवर अवलंबून ठेवले होते. आजारी मूल घरी राहिले की शाळेची हानी होई. रोगप्रसारास व्यवस्थेचेच असे साहाय्य लाभले.

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्यापूर्वी सुमारे ४ दिवस संसर्गक्षम असतो. त्या काळात ज्वर, प्रतिश्याय, कास व नेत्रांची लाली एवढीच लक्षणे दिसतात. त्यामुळे पुरळ पाहून मुलास घरी धाडेपर्यंत वर्गात रोग पसरलेला असे. मोठे भावंड शाळेतून गोवर घरी आणी. मृत्यूचा घाला मात्र प्रामुख्याने पाच वर्षांखालील धाकट्यांवर पडे. १८८९ च्या रोगसूचना कायद्याच्या यादीत घटसर्प व स्कार्लेट फीवर होते, गोवर व डांग्या खोकला नव्हते.

लंडन काउंटी कौन्सिलचे वैद्यकीय अधिकारी शर्ली मर्फी यांनी १८९० च्या दशकात घटसर्पाच्या नोंदी तपासल्या. ऑगस्टच्या सुट्टीत शाळकरी वयातील रुग्णसंख्या घटते, हे त्यांनी निदर्शनास आणले. सुट्टीत काही कुटुंबे बाहेरगावी जातात, नोंदीही कमी होतात, असा आक्षेप यावर घेता येईल. म्हणूनच वयोगटांची तुलना महत्त्वाची ठरते : घट केवळ नोंदींतील असती, तर ती सर्व वयांत सारखी दिसली असती.

या इतिहासातून चिकित्सकाने काय घ्यावे? ज्वर, प्रतिश्याय व नेत्रलालिमा असलेले बालक समोर येताच पुरळाची वाट न पाहता त्यास शाळेपासून दूर ठेवण्याचा सल्ला द्यावा. घरातील धाकट्या भावंडांची चौकशी अवश्य करावी. गळ्यात करडा, चिकटून बसलेला पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका धरून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे प्रतिविष लवकर मिळणे हाच प्राणरक्षणाचा आधार आहे. लसीकरण राहिले असल्यास पालकांना त्याची निकड पटवून द्यावी. २०२२ मध्ये मुंबईत झालेला गोवराचा उद्रेक विसरण्याजोगा नाही.

शंभर टक्के हजेरीचे कौतुक करणाऱ्या पालकांस व शिक्षकांस एवढेच सांगावे, की आजारी बालकाची एक दिवसाची अनुपस्थिती दुसऱ्या घरातील तान्ह्या जिवाचे रक्षण करू शकते.