आपली जागा कोणती? : चिप-उद्योगातील स्पर्धेचा एक धडा



लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीत ५ ते ९ फेब्रुवारी २०२० या काळात डिफेन्स एक्स्पो हे संरक्षण-सामग्रीचे मोठे प्रदर्शन भरले होते. ‘संरक्षणाचे डिजिटल रूपांतर’ या गोष्टीवर त्यात विशेष भर होता. मी तेव्हा जवळच राहत होतो. काही छात्रांना घेऊन मी ते पाहायला गेलो. रणगाड्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. एका दालनात मात्र एक लहान ड्रोन उघडून ठेवले होते. आतल्या हिरव्या पट्टीकडे बोट दाखवून नववीतल्या एका छात्राने विचारले, “सर, ह्या काळ्या चौकोनी चिप कुणाच्या?”

मी ठसक्यात म्हणालो, “आज बाहेरच्या असतील. उद्या सगळ्या आपणच बनवू.”

त्याचे समाधान झाले, माझे झाले नाही. घरी येऊन या विषयाचे वाचन सुरू केले आणि कळले, की माझे उत्तर ऐकायला छान असले तरी चुकीचे होते. ती चूक दुरुस्त करण्यासाठी हा धडा.

१. सगळे एकटा कोणीच बनवत नाही

चिप तयार होण्याचे ढोबळमानाने तीन टप्पे आहेत. पहिला आखणीचा, म्हणजे डिझाइनचा. दुसरा, सिलिकॉनच्या गोल चकतीवर (तिला वेफर म्हणतात) ती आखणी उतरवण्याचा. हे काम करणाऱ्या कारखान्याला फॅब म्हणतात. तिसरा टप्पा वेफर कापून चिपला कवच घालण्याचा आणि तपासण्याचा. याशिवाय फॅबला लागणारी यंत्रे आणि रसायने बनवणारे वेगळेच.

दर नव्या पिढीबरोबर फॅबचा खर्च वाढत गेला आणि एकेक स्पर्धक मागे पडला. अमेरिकेतील ग्लोबलफाउंड्रीज या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरच्या पिढीचे काम थांबवले. सर्वांत पुढच्या पिढीच्या शर्यतीत आज तैवानची टीएसएमसी, कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल या तीनच मुख्य कंपन्या दिसतात. त्यांनाही यंत्रे दुसऱ्यांकडूनच घ्यावी लागतात.

२. काय करायचे नाही, हे ठरवणे

मॉरिस चँग यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत २५ वर्षे नोकरी केली. पुढे १९८७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी तैवानमध्ये टीएसएमसी स्थापन केली. भांडवलात तैवान सरकार आणि फिलिप्स यांचा मोठा वाटा होता. चँग यांनी एक नियम घातला : आपण स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, फक्त दुसऱ्यांच्या आखणीप्रमाणे बनवून द्यायची.

यात गमावण्यासारखे पुष्कळ होते. पण या एका नियमामुळे आखणी करणाऱ्यांना विश्वास वाटला, की हा कारखाना उद्या आपलाच प्रतिस्पर्धी होणार नाही. मग स्वतःची फॅब नसलेल्या कंपन्याही मोठ्या होऊ लागल्या. १९९३ मध्ये निघालेली एनव्हिडिया हे त्याचे ठळक उदाहरण.

फॅब असलेल्यांनीही हा मार्ग धरला. अभिजित तळवलकर २००५ मध्ये एलएसआय लॉजिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने ओरेगन राज्यातला आपला चिप-कारखाना विकला आणि आखणीवर लक्ष एकवटले. कारखाना विकणे म्हणजे हार, असे आपल्याला वाटते. पण जी जागा राखणे परवडत नाही ती वेळेवर सोडणे, हाही डावपेचच असतो.

३. माघार म्हणजे पराभव नव्हे

इंटेल १९६८ मध्ये सुरू झाली ती स्मृती-चिप, म्हणजे मेमरी, बनवण्यासाठी. १९८० नंतर जपानी कंपन्यांनी स्वस्त आणि अधिक निर्दोष मेमरी बाजारात आणली. तेव्हा गॉर्डन मूर आणि अँडी ग्रोव्ह यांनी १९८५ मध्ये कठीण निर्णय घेतला. ज्या मालावर कंपनीने नाव कमावले होते, तोच सोडून संगणकाच्या प्रोसेसरवर सारी ताकद लावली. त्यानंतर कित्येक वर्षे त्या क्षेत्रात इंटेलला तोड नव्हती.

आपल्याला हे नवे नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. १६७० पासून दिलेले किल्ले परत घेण्याचा सपाटा सुरू झाला. माघार घेताना काय राखले, यावर पुढची चढाई ठरते.

मात्र एकदा जिंकलेली जागा कायमची आपली राहत नाही. आयफोनसाठी चिप पुरवण्याची संधी इंटेलकडे चालून आली होती. ती सोडली गेली, आणि मोबाईलचा प्रचंड बाजार इतरांनी घेतला.

४. खिंड कोणाच्या हाती?

अतिसूक्ष्म चिपसाठी लागणारी अतिनील प्रकाशाची खास यंत्रे जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. एका यंत्राची किंमत दहा कोटी डॉलरच्या वर जाते. तिलाही आरसे जर्मनीच्या झाइसकडून घ्यावे लागतात. म्हणजे जिच्यातून सगळ्यांना जावेच लागते, अशी खिंड एका लहान देशाने धरली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्या बनवण्याची साधने देण्यावर कडक बंधने घातली. तेव्हा अशा खिंडींचे मोल जगाला कळले.

५. आपल्याकडे

मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये चिपचे उत्पादन सुरू झाले. टीएसएमसीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी तिथे मोठी आग लागली आणि पुनर्बांधणीत कित्येक वर्षे गेली. या उद्योगात थांबलेल्यासाठी कोणी थांबत नाही. वृंदावन योजनेतल्या त्या प्रदर्शनाच्या आठवड्यातच ही तारीख येऊन गेली, हे मला नंतर उमगले.

दुसरा प्रसंग मराठी वाचकांना आठवत असेल. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेला, म्हणून केवढा वाद झाला! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. आपण जमिनीवरून भांडलो, पण चिप बनवण्याची स्वतःची सिद्ध प्रक्रिया त्या दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. याउलट टाटा समूहाने धोलेऱ्याच्या फॅबसाठी तैवानच्या पीएसएमसी या अनुभवी कंपनीला सोबत घेतले. त्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. उत्तर प्रदेशात जेवर येथे एचसीएल आणि फॉक्सकॉन यांच्या प्रकल्पाला मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. तिथे मोबाईल, संगणक यांचा पडदा चालवणाऱ्या चिपवर काम होणार आहे.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘विक्रम’ हा ३२ बिटचा प्रोसेसर देशापुढे आला. अग्निबाणासाठी बनवलेला हा प्रोसेसर मोहालीचाच, आणि १८० नॅनोमीटरच्या जुन्या पिढीचा. नव्या मोबाईलमध्ये ३ नॅनोमीटरच्या पिढीची चिप असते. मग हा मागासलेपणा का? नाही. अग्निबाणाला धक्के, तापमान सोसणारी, भरवशाची चिप हवी. सर्वांत लहान हवी असे नाही. इथे आपण आपली जागा ओळखली.

६. दुरुस्त केलेले उत्तर

त्या छात्राला आज मी असे सांगेन : सगळ्या चिप आपण बनवणार नाही, कोणताच देश बनवत नाही. देशाच्या रक्षणासाठी जी अडून चालणार नाही ती आपल्या हाती हवी. आणि जगाच्या साखळीतली एखादी कडी आपण इतकी पक्की धरायला हवी, की इतरांनाही आपल्यावाचून चालू नये.

तो छात्र पुढे डोळ्यांच्या तपासणीत अपात्र ठरला. लहानपणापासून गणवेशाचे स्वप्न पाहिलेला मुलगा वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हता, असे त्याची आई सांगत होती. आज तो इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि चिपची आखणी शिकतो आहे. गेल्या सुट्टीत भेटला तेव्हा म्हणाला, “सर, त्या ड्रोनमधली चिप कुणाची, ते अजून शोधतोय.” मी त्याला माझी चूक सांगितली. तो हसून म्हणाला, “तेव्हा तुमचं उत्तर मला पटलं होतं, म्हणूनच इथवर आलो.”

विचार करा

१. टीएसएमसीने स्वतःच्या नावाची चिप विकली असती, तर तिचे ग्राहक तिच्याकडे टिकले असते का? कारणे द्या.
२. इंटेलची १९८५ ची माघार आणि पुरंदरचा तह यांत साम्य कोणते, फरक कोणता?
३. अग्निबाणासाठी जुन्या पिढीची चिप का चालते? घरातल्या कोणत्या वस्तूंना अशीच चिप पुरेल, त्यांची यादी करा.