अल्ब्युमिन आधी बाजूला काढा

एक मिलिलिटर प्लाझ्मात अल्ब्युमिन 35 ते 50 मिलिग्रॅम असतं. निरोगी माणसाच्या त्याच प्लाझ्मात इंटरल्युकिन-6 मात्र जेमतेम काही पिकोग्रॅम, म्हणजे सुमारे दहा अब्ज पटींनी कमी. असा नमुना थेट मास स्पेक्ट्रोमीटरला दिला, तर यंत्राचा बहुतेक वेळ अल्ब्युमिनचेच तुकडे मोजण्यात जातो. म्हणून अल्ब्युमिन, आयजीजी, ट्रान्सफेरिन, हॅप्टोग्लोबिन अशी मुबलक 14 प्रथिनं पकडणाऱ्या प्रतिपिंडांचा स्पिन कॉलम वापरायचा.

रक्त ईडीटीएच्या नळीत घेऊन नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करा आणि 2000 जी वर 10 मिनिटं फिरवा. वरचा द्रव ओढताना पांढऱ्या थराच्या जरा वरच थांबा. तिथला शेवटचा थेंब घ्यायचा मोह झाला की प्लेटलेट्स सोबत येतात, आणि त्यांचीच प्रथिनं पुढे आजाराची खूण वाटू लागतात. प्लाझ्मा नव्या नळीत घालून पुन्हा फिरवा. लालसर दिसला तर तांबड्या पेशी फुटल्यात. तो नमुना बाद करा. उरलेल्याचे छोटे भाग करून उणे 80 अंशांवर ठेवा.

आता 10 मायक्रोलिटर प्लाझ्मा कॉलमच्या बंधन-बफरने 200 मायक्रोलिटर करा आणि 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. गाळलं नाही तर कॉलम तुंबतो. यात डीटीटी अजिबात नको, ते प्रतिपिंडांचेच बंध तोडतं. कॉलमवर घालून 100 जी वर मिनिटभर फिरवा, पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग त्याच बफरच्या 400 मायक्रोलिटरने दोनदा धुवा. तिन्ही वेळचा खाली आलेला द्रव एकत्र करा. हवा असलेला माल हाच. अडकलेली प्रथिनं आम्लधर्मी बफरने सोडवा, कॉलम लगेच बंधन-बफरने भरपूर धुऊन 4 अंशांवर ठेवा. गोठवू नका.

जमलेला द्रव 5 किलोडाल्टनच्या गाळणीवर आटवून अमोनियम बायकार्बोनेटमध्ये आणा आणि बीसीएने प्रथिन मोजा. ही मोजणी टाळू नका. 10 मायक्रोलिटर प्लाझ्मात साधारण 700 मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, त्यातलं 40 च्या आसपास उरायला हवं. शंभर भरलं तर कॉलमवर भार जास्त पडलाय किंवा तो थकलाय. जेलवर 66 किलोडाल्टनचा जाड पट्टा दिसला तर शंकाच उरत नाही. मग ट्रिप्सिन घालून रात्रभर 37 अंशांवर ठेवा.

अडकलेला भाग फेकू नका. अल्ब्युमिन वाहक आहे; कितीतरी लहान प्रथिनं त्याला चिकटून कॉलमवरच राहतात. अमुक प्रथिन सापडलंच नाही असं लिहिण्याआधी हा भाग तपासायलाच हवा. आणि रुग्णांचे व निरोगी माणसांचे नमुने एकाच कॉलमवर, क्रम मिसळून चालवा. आधी सगळे रुग्ण, मग सगळे निरोगी असं केलंत, तर दिसणारा फरक आजाराचा की कॉलमच्या झिजेचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.