गळाचे रीळ आणि दंतचक्रांचे गुणोत्तर

विहिरीवर रहाटाने पाणी काढणाऱ्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दोर ज्यावर गुंडाळला जातो तो ओंडका जाड असेल, तर प्रत्येक फेऱ्यात दोर पुष्कळ वर येतो, पण हातास जोर फार लावावा लागतो. ओंडका बारीक असेल, तर हातास हलके वाटते, पण घागर वर यावयास वेळ लागतो. खोल समुद्रात गळ टाकणाऱ्याच्या हातातील रिळात हाच व्यवहार चालतो. भेद इतकाच की, घागर उलट ओढत नाही, मासा ओढतो.

गळाने मासे धरण्याच्या अनेक पद्धतींपैकी एकीस जिगिंग म्हणतात. हिच्यात जिवंत आमिष नसते. माशाच्या आकाराचा शिशाचा अथवा अन्य धातूचा तुकडा, म्हणजेच जिग, होडीतून सरळ तळाकडे सोडतात व काठी आणि रीळ यांच्या साहाय्याने त्यास पुनःपुन्हा वर झेपावयास व खाली पडावयास लावतात. पळणारे भक्ष्य समजून मोठा मासा त्यावर झडप घालतो. जपानमध्ये 1990 नंतरच्या दशकात ही पद्धत विशेष विकास पावली आणि तेथून अन्य देशांत पसरली. भारतात अंदमानच्या समुद्रात तिचा अवलंब केला जातो.

रीळ आणि त्यातील चक्रे

रीळ हे साधन जुने आहे. चीनमधील मा युआन या चित्रकाराने 1195 च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात रिळाने मासे धरणारा एकटा कोळी दिसतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दंतचक्रे बसविलेली रिळे विकली जाऊ लागली. 1905 मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट घेतले. जिगिंगसाठी आज दोन्ही प्रकार वापरतात : एकात फिरकी स्वतः फिरून दोरी गुंडाळते, दुसऱ्यात फिरकी स्थिर राहते व तिच्याभोवती फिरणारा भाग दोरी गुंडाळतो. पुढील विवेचन दोहोंस लागू आहे.

मुठीच्या दांड्यास मोठे दंतचक्र जोडलेले असते व ते एका लहान दंतचक्रास फिरविते. मोठ्या चक्रास 60 व लहानास 15 दाते असतील, तर मुठीच्या एका फेऱ्यात लहान चक्राचे 4 फेरे होतात. यास 4:1 हे गुणोत्तर म्हणतात.

वेगाची किंमत

दोरीने भरलेल्या फिरकीचा व्यास 6 सेंटिमीटर आहे असे समजू. तिचा परीघ सुमारे 18.8 सेंटिमीटर होईल. गुणोत्तर 4:1 असल्यास मुठीच्या एका फेऱ्यात सुमारे 75 सेंटिमीटर दोरी आत येते. 6:1 असल्यास 113 सेंटिमीटर. फिरकीचा व्यास कायम राहतो असे धरल्यास 90 मीटर खोलीवरून जिग वर आणण्यास पहिल्या रिळाचे सुमारे 120 व दुसऱ्याचे सुमारे 80 फेरे करावे लागतील. दिवसभरात जिग पन्नास वेळा वर घ्यावी लागली, तर हा फरक दोन हजार फेऱ्यांचा होतो.

मग प्रत्येकाने 6:1 चेच रीळ का घेऊ नये? याचे उत्तर हाताच्या जोरात आहे. दोरीवर 6 किलोग्रॅम वजनाइतका ताण आहे व मुठीचा दांडा 8 सेंटिमीटर लांब आहे असे धरू. घर्षण सोडून दिले तरी 4:1 च्या रिळात मुठीवर 9 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो आणि 6:1 च्या रिळात 13.5 किलोग्रॅम. दंतचक्रे जोर निर्माण करीत नाहीत. ती जोर व अंतर यांची अदलाबदल करतात. अंतर दीडपट मिळाले, तर जोरही दीडपट द्यावा लागतो. दांडा 12 सेंटिमीटर केल्यास हेच आकडे 6 व 9 होतात, पण हातास तितके मोठे वर्तुळ फिरावे लागते. निसर्गाच्या हिशेबात सूट नाही.

म्हणूनच मोठा मासा लागल्यावर अनुभवी मनुष्य नुसती मूठ फिरवीत बसत नाही. तो काठीने मासा थोडा उचलतो आणि काठी खाली नेताना सैल पडलेली दोरी तेवढी गुंडाळून घेतो.

पाण्याचा विरोधही ध्यानात घ्यावयास हवा. जिग ज्या वेगाने ओढली जाते, त्याच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात हा विरोध वाढतो. वेग दुप्पट केल्यास विरोध सुमारे चौपट होतो. निमुळती, सडपातळ जिग वेगाने ओढता येते. पसरट जिग त्याच वेगाने ओढू गेल्यास मासा लागण्यापूर्वीच हात थकतो.

आकाराचा प्रश्न

रिळावर छापलेले गुणोत्तर ही अर्धीच माहिती होय. दोरी बाहेर जाते तसतसा फिरकीचा व्यास घटतो. वरील फिरकीचा गाभा 3 सेंटिमीटर व्यासाचा असून तिच्यावर 300 मीटर दोरी आहे असे मानू. त्यापैकी 200 मीटर बाहेर गेली, तर उरलेला व्यास सुमारे 4.2 सेंटिमीटर असतो. आता 4:1 च्या रिळाने एका फेऱ्यात 75 ऐवजी सुमारे 53 सेंटिमीटरच दोरी आत येते. हातास मात्र तितक्याच प्रमाणात हलके वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट घर्षणरोधकाची आहे. मासा जोराने पळू लागला की फिरकी घसरून दोरी सुटावी, म्हणजे दोरी तुटणार नाही, यासाठी रिळात घर्षणाच्या चकत्या बसविलेल्या असतात. दोरीच्या तुटण्याच्या ताणाच्या सुमारे एक-तृतीयांशावर हा रोधक लावण्याचा प्रघात आहे. 15 किलोग्रॅमची दोरी असेल तर 5 किलोग्रॅमवर. परंतु ही मोजणी भरलेल्या फिरकीवर होते. व्यास 4.2 सेंटिमीटर उरला म्हणजे, रोधकास हात न लावताही, दोरी सुटण्यास सुमारे 7 किलोग्रॅम ताण लागतो. मासा जितका दूर जातो, तितकी दोरी तुटण्याची भीती वाढते. आणि गाठीपाशी दोरी बहुधा मुळातच दुर्बळ असते.

तेवढीच रुंदी, तेवढाच गाभा आणि 8 सेंटिमीटर व्यास असलेल्या मोठ्या फिरकीवर तीच दोरी सुमारे 600 मीटर मावते. तिच्यातून 200 मीटर गेल्यावर व्यास सुमारे 6.8 सेंटिमीटर राहतो व ताण 5 वरून 5.9 किलोग्रॅमपर्यंतच चढतो. मात्र गुणोत्तर व दांडा तोच ठेवल्यास 6 किलोग्रॅम ताणासाठी मुठीवर 9 ऐवजी 12 किलोग्रॅम जोर लागेल. शिवाय मोठे रीळ जड असते व ते दिवसभर हातात वागवावयाचे असते.

दोरीच्या जाडीचा हिशेबही येथेच करावा. ज्या फिरकीवर एका जाडीची 400 मीटर दोरी मावते, तिच्यावर दुप्पट जाडीची 100 मीटरच मावते. पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी त्याच जाडीच्या नायलॉनहून अधिक बळकट असून ताणली फारच थोडी जाते. त्यामुळे काठीचा हिसका खोलवरच्या जिगपर्यंत पोचतो. जिगिंगमध्ये तिला प्राधान्य मिळाले ते यामुळेच.

निवड कशी करावी

प्रथम दोरीची लांबी ठरवावी : पाण्याची खोली, प्रवाहाने दोरी तिरपी झाल्यामुळे लागणारी जास्त लांबी, माशाची धाव आणि तुटीसाठी राखीव भाग. ही लांबी, तिच्यापैकी बरीच बाहेर गेल्यावरही फिरकी निम्मी भरलेली राहील, अशा बेताने मावेल ते रीळ निवडावे. नंतर एका फेऱ्यात किती दोरी आत येते ते काढावे व मगच गुणोत्तराचा विचार करावा. कुप्यासारख्या वेगवान माशांसाठी सडपातळ जिग जलद ओढावयाची असल्यास 6:1 च्या आसपासचे गुणोत्तर व लांब दांडा उपयोगी पडतो. खडकांपाशी राहणाऱ्या हेकरूसारख्या जड माशास उचलून घ्यावयाचे असल्यास 4:1 ते 5:1 चे रीळ हातास साथ देते.

ही काळजी केवळ माणसाच्या लाभाची नाही. दोरी तुटली म्हणजे मासा मोकळा होतो असे नव्हे. तोंडात गळ व मागे लोंबणारी दोरी घेऊनच तो खोल पाण्यात जातो. आधी केलेला साधा हिशेब हा प्रसंग पुष्कळ वेळा टाळू शकतो.

स्वाध्याय

1. सायकल उलटी ठेवून पायंडल एकदा हळूहळू पूर्ण फिरवा व त्या वेळात मागील चाकाचे किती फेरे होतात ते मोजा. दोन्ही दंतचक्रांचे दाते मोजून भागाकार करा. दोन्ही उत्तरे जुळतात काय?

2. एका रिळाचे गुणोत्तर 5:1 व भरलेल्या फिरकीचा व्यास 7 सेंटिमीटर आहे. एका फेऱ्यात किती दोरी आत येईल? व्यास 5 सेंटिमीटर उरल्यावर किती येईल?

3. याच रिळाचा रोधक भरलेल्या फिरकीवर 4 किलोग्रॅमवर लावला आहे. व्यास 5 सेंटिमीटर उरल्यावर दोरी किती ताणास सुटेल?