पट्ट्याचे पैसे घेतले, पट्टा घातलाच नाही

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडून भूकंपाचा धक्का आला, तेव्हा नांदेडच्या आमच्या घरात कोणालाही लागलं नाही. हे आधीच सांगते, कारण आमचा गुत्तेदार तेवढंच धरून बसला आहे: "कोणाला लागलं का ताई? मग?" धक्का ४.५ तीव्रतेचा, केंद्र कळमनुरी तालुक्यात. एवढ्यानं नवं घर चिरायला नको होतं. आमचं चिरलं. हॉलच्या दोन्ही खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. गच्चीवर सुट्या विटा रचून ठेवलेली टाकी सरकली आणि पाइप तुटून पाणी जिन्यानं खाली आलं.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी-सास्तूरकडे भूकंपात काय झालं ते आमच्या घरात कोणाला वाचून कळलेलं नाही. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या, पण आत-बाहेर दगडांचे दोन थर आणि मध्ये माती-दगडगोट्यांची भरती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेलं. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच भागात लहान धक्के बसतच होते. नांदेडलाही २००६ नंतर काही वर्षं जमिनीतून आवाज येऊन घरं हलत होती. एवढं सगळं माहीत असलेल्या बाईनं आपलं घर नीट मागितलं, तर त्यात जास्तीचं काय होतं?

आमचं घर कॉलमचं नाही, विटांच्या भिंतींवर स्लॅब. म्हणून मी एकच हट्ट धरला होता: दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा. किमान तीन इंच जाड, आत दोन सळया, आणि कोपऱ्यात त्या सळया वाकवून पुढच्या भिंतीत नेलेल्या. भिंती वेगवेगळ्या दिशांना हलू लागल्या की हा पट्टा त्यांना एकत्र धरतो. गुत्तेदार हसला. "ताई, इथं काय किल्लारी आहे का? नांदेडला काही होत नसतंय." तरी अंदाजपत्रकात त्यानं पट्ट्याचा खर्च वेगळा लिहिला, आणि तो आम्ही दिला.

धक्क्यानंतर त्याला बोलावलं, तर भेगेवरून बोट फिरवून म्हणाला, प्लास्टरची चीर आहे, पुट्टी भरून देतो. मी पुट्टी भरू दिली नाही. ओळखीच्या एका इंजिनिअरला आणून गुत्तेदारासमोरच कोपऱ्यातलं प्लास्टर फोडायला लावलं. खिडकीवर लिंटेल होतं. ते खिडकीच्या बाजूला वीतभर गेलं आणि संपलं. पुढे वीट, त्यापुढे वीट, कोपऱ्यातही वीट. सळईचं टोकसुद्धा नाही. दुसऱ्या कोपऱ्यात फोडलं, तिथंही तेच. ज्या भिंतीला उशी लावून मुलं झोपत होती, ती भिंत शेजारच्या भिंतीला कशानंच बांधलेली नव्हती. मला तिथंच खाली बसावं लागलं. गुत्तेदार मात्र फोनवर बोलत बाहेर गेला. नंतर निरोप आला, "मिस्त्री विसरला असेल." माफीचा शब्द आजवर नाही, पैसे तर नाहीतच.

तुमचं बांधकाम चालू असेल, तर काँक्रीट ओतण्याआधी सळयांचे फोटो स्वतः काढा, कोपऱ्यांचे तर नक्की. पट्टा पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. गच्चीचा कठडा अर्ध्या विटेचा, उंच आणि बिनआधाराचा नको. रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात पहिला तोच पडतो. टाकीला पक्का चौथरा हवा. पत्र्याचं घर असेल तर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड आजच उतरवा आणि पत्रे हुकांनी आवळून घ्या. मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनानंही दगड काढायला सांगितलं होतं. गावाकडे जुनं माळवद असेल तर वर आणखी माती टाकू नका, जास्तीची काढा, आणि भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध जाणकाराकडून बसवून घ्या.

घरात फळीवरचे पितळी हंडे आणि धान्याचे डबे खाली आणा. कपाट भिंतीला पट्टीनं जखडा. पलंग खिडकीपासून आणि कपाटापासून लांब. उशाशी चप्पल आणि बॅटरी ठेवा, कारण काचा अंधारातच पायात घुसतात. सिलिंडरचं बटण बंद करणं घरातल्या पोरांनाही आलं पाहिजे. हलू लागलं आणि दाराशीच असाल तर अंगणात जा, नाहीतर मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसा. जिन्यावर पळू नका. कागदपत्रं एका पिशवीत ठेवा, घाबरू नका, हे सगळे सांगतातच. "आज रात्री पुन्हा येणार" असे मेसेज पुढे पाठवू नका. भूकंपाची वेळ आधी कोणालाच सांगता येत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७.

आम्ही आता भिंतींना बाहेरून जाळी आणि सिमेंटचा पट्टा बसवून घेतो आहोत, पुन्हा पदरचे पैसे घालून. तो गुत्तेदार आमच्याच मागच्या गल्लीत नवं घर बांधतो आहे. त्या घरच्या बाईंना मी जाऊन सांगितलं: लिंटेलच्या दिवशी सुट्टी काढा, आणि सळई कोपऱ्यात वळलेली दिसेपर्यंत तिथून हलू नका.